घंटा आणि तेलविहीर

(राष्ट्रीय विज्ञान दिनी शाळेच्या सभागृहात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



मी भाषेची शिक्षिका. विज्ञान दिनी मी बोलावे हे धाडसच. परंतु गुजरातेतील आपल्या या मराठी शाळेत अंकलेश्वरच्या तेलक्षेत्रात नोकरी करणाऱ्या पालकांची मुले शिकत आली आहेत. अशाच एका पालकांना मी त्यांच्या कामाविषयी विचारले, तेव्हा त्यांनी व्हरांड्यातील आपल्या घंटेवर टोला दिला. नाद घुमत राहिला. मग त्यांनी मला घंटा दोन्ही तळहातांनी घट्ट धरावयास सांगितले आणि पुन्हा टोला दिला. 'टक्' एवढाच आवाज! "बाई, आमची सारी परीक्षा एवढीच," ते म्हणाले.

तेलविहीर खणली की तिच्यात पोलादी नळ्या सोडतात आणि नळी व खडक यांमधील पोकळीत सिमेंट भरतात. खालचा वायू वर उसळू नये, तेल आणि खारे पाणी वरच्या गोड्या पाण्याच्या थरांत शिरू नये, ही जबाबदारी त्या सिमेंटची. हजारो फूट खोल ते नीट बसले की नाही, हे डोळ्यांना कसे दिसावे? म्हणून ते ऐकतात. तारेला बांधलेले उपकरण नळीत सोडले जाते. त्यातून निघालेला ध्वनी पोलादातून प्रवास करीत तीन फुटांवरील ग्राहकापर्यंत पोहोचतो. बाहेर सिमेंटची पकड नसेल तर नळी मोकळ्या घंटेसारखी खणखणते. पकड पक्की असेल तर नाद विरतो. माठ घेताना आपण खणखणीत आवाजाचा निवडतो. येथे नेमके उलटे!

परंतु हे उपकरण चहूबाजूंची सरासरी सांगते; एकाच बाजूला राहिलेली चिंचोळी वाट त्यात लपू शकते. म्हणून अल्ट्रासॉनिक, म्हणजे आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या ध्वनीचे उपकरण वापरतात. ते गोल फिरत नळीच्या भिंतीला थरारवते. तो थरार किती लवकर शमतो, यावरून मागे सिमेंट आहे, पाणी आहे की वायू, याचा नकाशा उमटतो. फसगत येथेही होते. फेसाळ, हलके सिमेंट पाण्यासारखे भासू शकते.

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी 'डीपवॉटर होरायझन'वर ही तपासणी करणारा चमू हजर होता. सिमेंट भरताना आतला द्रव पुरेपूर परत आला. त्यावरून काम चांगले झाले असे ठरले आणि चमूला सकाळीच हेलिकॉप्टरने परत पाठवले. रात्री दहाच्या सुमारास वायू उसळून स्फोट झाला. अकरा माणसे गेली. तेल ८७ दिवस समुद्रात वाहत राहिले.

तपासणीने अपघात टळलाच असता, असे मी म्हणणार नाही. नळीच्या आत तळाशी भरलेले सिमेंटही निकामी ठरले होते, आणि ते या उपकरणाच्या टप्प्यात येत नाही. त्या संध्याकाळच्या दाबचाचणीने दिलेला इशाराही चुकीचा वाचला गेला. तरीही ऐकणारी माणसे दारात उभी असताना त्यांना न ऐकताच परत धाडले, हे मला आजही अस्वस्थ करते.

आता आठवीतील दोघांनी पुढे यावे. एकाने टोला द्यावा, दुसऱ्याने घंटा धरावी. बाकीच्यांनी डोळे मिटून, घंटा धरली आहे की मोकळी, ते सांगावे.