जांभळा म्हणजे नेमका कोणता?



भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच जिथं लागते, ते उरणजवळचं मोरा हे आमचं बंदर. मे महिना सरत आला की उरण-पनवेलच्या बाजारात आणि कर्नाळ्याच्या रस्त्याला कातकरी, ठाकर बायका जांभळं विकायला बसतात. त्या पाटीत जरा निरखून बघा. अर्धकच्चं फळ गुलाबी, थोडं पिकलेलं लालसर, आणि पुरतं पिकलेलं जवळजवळ काळं. जांभळाचा रंग तो जांभळा असं म्हटलं, तरी यातलं कोणतं फळ प्रमाण धरायचं?

शाळेत आपण ‘तानापिहिनिपाजा’ पाठ केलं. तांबड्यापासून निघून पारव्यावरून जांभळ्यापर्यंत. इंद्रधनुष्यातला हा शेवटचा पट्टा म्हणजे साधारण 380 ते 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश. पण गुलबक्षीच्या फुलाचा रंग इंद्रधनुष्यात शोधून सापडणार नाही. लाल आणि निळा प्रकाश एकाच वेळी डोळ्यांत शिरला, की मेंदू तो रंग घडवतो. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानं 1931 साली रंगांचा नकाशा आखला. त्यात तांबडं आणि जांभळं टोक एका सरळ रेषेनं जोडलेलं आहे, आणि त्या रेषेवरच्या रंगांना स्वतःची अशी एकही तरंगलांबी नाही. इंग्रजीत इंद्रधनुष्यातला तो व्हायोलेट, आणि मिश्रणातून होणारा तो पर्पल. आपण दोघांनाही जांभळा म्हणतो.

म्हणून मराठी इथं कमी पडते, असं मात्र मला वाटत नाही. साडीच्या दुकानात जुन्या बायका कशा बोलतात ते ऐका. आमसुली म्हटलं की लालाकडे झुकणारा गडद रंग. वांगी म्हटलं की काळसर झाक आली. अंजिरीत तपकिरी मिसळलेला, गुलबक्षी उजळ आणि गुलाबीकडे ओढ घेणारी. एकेका शब्दात तीन गोष्टी कळतात: रंगाचा कल कुणीकडे, तो उजळ की गडद, आणि भडक की मळकट. अमेरिकन चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 साली रंग मोजण्याची जी पद्धत मांडली, तीही याच तीन मापांवर उभी आहे. आपल्या घरांत ही मापं आमसुलाच्या बरणीत आणि भाजीच्या टोपलीत होतीच.

पैठणी तर या मोजमापाच्याही पुढे जाते. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. लाल आणि निळा एकमेकांत विणले की धूपछाव साधते. पदर हलवला की तोच जांभळा कधी लालसर, कधी निळसर दिसतो. त्याला एकच आकडा कसा लावणार?

कापडाला जांभळा रंग पूर्वी नीळ आणि लाल रंग एकावर एक चढवून मिळे. 1856 साली विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा इंग्रज मुलगा डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून मलेरियावरचं क्विनीन बनवू पाहत होता. हाती आला तो जांभळा रंग. बाजारात तो ‘मोव्ह’ झाला, म्हणजे एका फुलाचं फ्रेंच नाव. प्रयोगशाळेत जन्मलेल्या रंगालाही नाव फुलाकडूनच घ्यावं लागलं.

एक गोष्ट घरी करून पाहा. जांभळाचा रस दोन वाट्यांत घ्या. एकीत लिंबू पिळा, दुसरीत थोडं साबणाचं पाणी घाला. पहिला तांबूस होईल, दुसरा निळसर. फळातलं अँथोसायनिन हे द्रव्य आंबट आणि क्षारयुक्त पाण्यात असा रंग पालटतं.

संगणकाला ‘पर्पल’ सांगायचा तर लाल 128, हिरवा 0, निळा 128. छपाईवाल्याला आणि रंगाऱ्याला असे आकडे हवेतच. पण दुकानात सगळ्या छटांना सरसकट ‘पर्पल’ किंवा ‘वाईन’ म्हटलं जातं, तेव्हा मला वाईट वाटतं, कारण त्यातून छटाच कळत नाही. तेव्हा श्रोतेहो, आमसूल, वांगं, अंजीर आणि गुलबक्षीचं फूल एका ताटात ठेवून मुलांना चार रंगांची चार नावं सांगा. आणि पुढची साडी घेताना दुकानदाराकडे आमसुलीच मागा.