पैनगंगेचा प्रवाह आणि दोन राज्यांचे दायित्व

(हिमायतनगर येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



स्नानाच्या वेळी हिंदू गृहस्थ ज्या सात नद्यांचे स्मरण करतो, त्यांत गंगा आहे, सिंधू आहे, तशीच गोदावरी आणि कावेरीही आहे. कोणती नदी कोणत्या राज्याची, हा प्रश्न त्या स्मरणात नाही. साऱ्या नद्या एकाच भारतभूच्या, हा संस्कार आपल्या पूर्वजांनी रोजच्या आचारात गुंफून ठेवला. वाढोण्याच्या, म्हणजेच आजच्या हिमायतनगरच्या परमेश्वराच्या यात्रेला येणाऱ्या भाविकालाही हा संस्कार परका नाही.

या तालुक्याच्या उत्तरेने वाहणारी पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगररांगेत, बुलढाणा जिल्ह्यात उगम पावते. नांदेड आणि यवतमाळ यांच्या सीमेवरून, सहस्रकुंडाच्या धबधब्यावरून ती पुढे जाते आणि काही अंतर महाराष्ट्र व तेलंगण यांची सीमा होते. मग वर्धा, प्राणहिता असा प्रवास करून तिचे पाणी गोदावरीला मिळते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तेव्हा मराठवाडा आणि तेलंगण एकाच संस्थानात होते. रझाकारांचा जाच दोघांनीही सोसला होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषेच्या आधारे सीमारेषा आखली गेली. माणसे दोन राज्यांची झाली. नदी मात्र एकच राहिली.

या एका नदीखोऱ्याचे पाणी वाटायचे कसे, यासाठी केंद्र शासनाने १९६९ साली गोदावरी पाणी तंटा लवाद नेमला. ६ ऑक्टोबर १९७५ रोजी महाराष्ट्र व आंध्र यांच्यात सामंजस्य झाले आणि १९८० च्या अंतिम निवाड्यात ते समाविष्ट झाले. त्यानुसार पैठण, सिद्धेश्वर व निजामसागर यांच्या खाली आणि पोचमपाडच्या वर नव्या प्रकल्पांसाठी महाराष्ट्राला ६० अब्ज घनफूट पाणी मिळाले. निम्न पैनगंगा हा संयुक्त प्रकल्प ठरला. त्यात महाराष्ट्राचा वाटा ८८ टक्के, तर पलीकडील राज्याचा १२ टक्के. अर्धे शतक लोटले, तरी त्या पाण्याची शेतकऱ्याला प्रतीक्षाच आहे. बुडिताखाली जाणाऱ्या गावांचा विरोधही तितकाच जुना आहे. ज्यांची घरे आणि शेते जाणार, त्यांना विश्वासात घेतल्याविना झालेला करार कागदावरच राहतो.

धर्माबाद तालुक्यातील बाभळीची कथा अधिक बोलकी आहे. २.७४ अब्ज घनफूट क्षमतेचा हा बंधारा पोचमपाडच्या, म्हणजे श्रीरामसागराच्या फुगवट्याच्या क्षेत्रात असल्याने आंध्रने त्याला हरकत घेतली. २०१० साली या प्रश्नावरून सीमेवर आंदोलन पेटले. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंधाऱ्याला मान्यता दिली. परंतु १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात दरवाजे उघडे ठेवावेत आणि १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे, असे बंधनही घातले. देखरेखीसाठी केंद्रीय जल आयोगाचा आणि दोन्ही राज्यांचा प्रतिनिधी असलेली त्रिसदस्य समिती नेमली.

निवाडा शिरोधार्य आहे. तथापि मराठवाड्याचा पाऊस ऑक्टोबरअखेर संपलेला असतो. पावसाने आधीच पाठ फिरवली, तर दरवाजे बंद होईपर्यंत पात्रातील ओघ ओसरतो आणि काठचा शेतकरी रित्या बंधाऱ्याकडे पाहत बसतो. उलट, खालच्या शेतकऱ्याचीही भीती खोटी नाही. वर पाणी अडले तर त्याचे शेत कोरडे पडते. म्हणून दिनदर्शिकेतील तारखेपेक्षा प्रत्यक्ष येव्याकडे पाहून दोन्ही शासनांनी एकमताने तोडगा काढावा आणि तो न्यायालयापुढे ठेवावा, हा शहाणपणाचा मार्ग होय.

असे घडू शकते, याचा पुरावाही आहे. २०१६ साली महाराष्ट्र व तेलंगण यांनी आंतरराज्य मंडळ स्थापण्याचे ठरवले आणि मेडीगड्डा, तुम्मिडीहट्टी व पैनगंगेवरील चनाखा-कोरटा या बंधाऱ्यांबाबत करार केले. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडीगड्ड्याचे खांब खचले. राजकीय सहमतीला अभ्यासाची आणि दक्षतेची जोड नसेल, तर नदी ती चूक उघडी पाडते.

पाकिस्तानशी १९६० साली सिंधू जल करार करताना भारताने सिंधू खोऱ्याचे सुमारे ८० टक्के पाणी सोडून दिले. तीन युद्धे झाली, तरी भारताने करार पाळला. पहलगामच्या हत्याकांडानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, तो स्थगित करावा लागला. शत्रुत्व करणाऱ्याशीही ज्या राष्ट्राने एवढा संयम दाखवला, त्याच्या दोन घटक राज्यांना परस्परांशी एका बंधाऱ्याच्या दरवाजांविषयी बोलता येऊ नये काय?

समाजाचेही कर्तव्य आहे. वाळूचा बेसुमार उपसा थांबवणे, ओढ्यानाल्यांवर पाणी अडवणे, ठिबकाने ऊस भिजवणे, उन्हाळ्यात इसापूर धरणातून सुटणारे पाणी शेवटच्या गावापर्यंत जाऊ देणे, ही कामे कोणत्याही लवादाची वाट पाहत नाहीत. वरच्या गावाने खालच्या गावाची तहान ओळखली, तरच वरच्या राज्याला खालच्या राज्याची ओळखता येईल. नदीला माता म्हणणाऱ्यांनी तिच्या सर्व लेकरांचा वाटा मान्य करणे, हेच तिचे खरे पूजन होय.