पाच नावांची हजेरी

(हायस्कुलातील एका दिवंगत वर्गबंधूच्या स्मरणार्थ नशिराबाद येथे भरलेल्या सभेतील भाषण)



या सभेत बोलण्याची आज्ञा आम्हाला झाली ती काही आमच्या विद्वत्तेमुळे नव्हे. गेलेल्या गृहस्थाच्या शेजारी एका बाकावर आम्ही बसलो होतो, एवढाच आमचा अधिकार. त्याचे नाव या गावात कोणाला सांगायला नको, म्हणून आम्ही त्याला आपला वर्गबंधू एवढेच म्हणू.

माणूस गेला की तो अजातशत्रू होता, मनमिळाऊ होता, त्याने कधी कोणाला दुखवले नाही, असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आमचा वर्गबंधू असा मुळीच नव्हता. तो भांडकुदळ होता. सभेत कोणी खोटे बोलला तर मागच्या रांगेतून उठून तो तोंडावर सांगे, आणि त्यामुळे पुढच्या सभेचे बोलावणे त्याला येत नसे. तरी तो येई. अशा माणसाला मेल्यावर गुळचट करणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा मारणे होय, आणि ते पाप आम्ही करणार नाही.

वर्गात तो पहिला होता. १९७२ सालचा दुष्काळ आला तेव्हा आम्ही नववीत होतो. विहिरी आटल्या, ढोरे बाजारात मातीमोल गेली, आणि सरकारने दुष्काळी कामे काढली. ज्यांच्या घरात कोणी नोकरदार होता त्यांची पोरे शाळेत राहिली. ज्यांच्या घरात फक्त जमीन होती, तीही कोरडवाहू, त्यांची पोरे खडी फोडायला गेली. आमचा पहिला नंबर खडीवर गेला तो परत वर्गात आला नाही. पुढे जन्मभर त्याने केळीच्या गाड्या भरल्या. शाळा सुटली, परंतु वाचन सुटले नाही. रद्दीच्या दुकानात बसून वाचलेले त्याला आमच्या पदव्यांपेक्षा जास्त आठवत असे.

आता त्याच्या ज्या एका छंदासाठी आपण आज जमलो आहोत, त्याकडे येतो. दरवर्षी ९ सप्टेंबरला तो जळगावहून सुरतेकडची गाडी पकडी. धरणगाव, अमळनेर, नरडाणा, शिंदखेडा, दोंडाईचा करीत नंदुरबारला उतरे, चौकातल्या हुतात्मा स्मारकापाशी पाच फुले ठेवी, आणि रात्रीच्या गाडीने परत येई. नंदुरबारात त्याचे नातेगोते नाही, सोयरीक नाही. कोणी विचारले तर सांगे, “आपल्या शाळेतले नव्हते, पण शाळेतले तर होते ना!”

ती हकीकत तरुण मंडळींना ठाऊक असावी तशी ठाऊक नाही, म्हणून सांगतो. १९४२ च्या ८ ऑगस्टला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ ऑगस्टची पहाट उजाडते तोच गांधीजी आणि सारे मोठे पुढारी पकडले गेले. घरातले कर्ते पुरुष एका रात्रीत नेले, तर घर कोणी चालवायचे? पोरांनी चालवले. पाटण्यात ११ ऑगस्टला सचिवालयावर झेंडा लावायला गेलेले सात विद्यार्थी गोळीबारात पडले. आपले खानदेश तर काँग्रेसला नवखे नव्हते. नदीपलीकडे फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात जवाहरलालजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले होते, खेड्यात भरलेले ते पहिलेच. ते पाहून आलेली माणसे गावोगाव होती आणि त्यांची पोरे आता शाळेत होती.

नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. व्यापाराची पेठ, गुजराती, मराठी, अहिराणी, भिल्ली, सगळ्या बोली एकाच बाजारात ऐकू याव्यात असे गाव. पुढाऱ्यांच्या अटकेला बरोबर महिना झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, तेथे विद्यार्थ्यांची मिरवणूक निघाली. शिरीषकुमार पुष्पेंद्र मेहता या मुलाच्या हातात तिरंगा होता. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ चा. म्हणजे हिशेब करा, सोळावे वर्षही पुरे झालेले नव्हते. घरची भाषा गुजराती, म्हणून घोषणाही गुजरातीत. पोलिसांनी मिरवणूक अडवली, लाठी चालवली, आणि मग बंदुका रोखल्या. बंदूक मुलींकडे वळली तेव्हा शिरीष पुढे झाला आणि मारायचे तर मला मारा म्हणाला, असे नंदुरबारची माणसे सांगत आली आहेत. गोळ्या त्याच्या छातीत बसल्या.

येथवर पुष्कळांना ठाऊक असते. त्याच्या नावाचे चौक आहेत, पुतळे आहेत, शाळांत दरसाल निबंध होतात. ते योग्यच आहे. परंतु त्या दिवशी तेथे एक मुलगा मेला नाही, पाच मेले. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा, हे उरलेले चार. आमचा वर्गबंधू याच ठिकाणी भांडायला उठे. एका समारंभात वक्त्याने शिरीषकुमारवर अर्धा तास अलंकार उधळले, तेव्हा हा मागून ओरडला, “भाऊ, बाकीचे चौघं काय वऱ्हाडी म्हणून गेले होते का?” सभेत हशा झाला. वक्ता रागावला. पण उत्तर कोणाजवळ नव्हते, कारण चार नावे व्यासपीठावरच्या एकालाही येत नव्हती.

यात शिरीषकुमारचा मोठेपणा तसूभरही कमी होत नाही. ज्याच्या हातात झेंडा त्याच्यावर पहिली नजर जायचीच. पण झेंडा हातात नसताना, मागे वळायला वाट मोकळी असताना, जो पोरगा मित्राच्या बाजूला उभा राहिला त्याच्या छातीचे काय? आमच्या मते वर्गबंधू या शब्दाची खरी परीक्षा तेथे झाली.

आपल्या गावाचाच दाखला घ्या. नशिराबाद हे जुने, नांदते गाव. येथल्या काचेच्या बांगड्यांचे नाव होते. १८०१ साली जुबा नावाच्या लुटारूने ते लुटले. त्यावर १८०३ चा दुष्काळ पडला आणि माणसे पटापट मेली. गॅझेटियरात हे लिहिले आहे. लुटणाऱ्याचे नाव कागदावर शाबूत राहिले, मेलेल्यांपैकी एकाचेही राहिले नाही! इतिहास लिहिणारा ज्याला भितो त्याचे नाव आधी लिहितो, असे आमचा वर्गबंधू म्हणे. आणि यावर आम्ही त्याच्याशी कधी वाद घातला नाही.

आता थोडे कडू बोलतो. हल्ली प्रत्येक जातीला आपापला हुतात्मा पाहिजे असतो. जयंती जातीची, पुण्यतिथी जातीची, मिरवणुकीचा मार्गही जातीचा. मग ही पाच नावे कोणी वाटून घ्यायची? मेहता, शहा, वाणी ही व्यापाऱ्यांची घरे, केतकर ब्राह्मणाचे. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या पोरांनी काय म्हणावे, ही शेटजीभटजींची पोरे, आपल्याला काय त्यांचे? असे आम्हाला एकाने खरोखरच विचारले. त्याला आम्ही सांगितले की बाबा, त्याच तारखेला, ९ सप्टेंबर १९४२ लाच, सातारा जिल्ह्यात वडूजच्या मामलेदार कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. वडगावचे परशुराम घार्गे हातात झेंडा घेऊन पुढे होते. तेथेही गोळीबार झाला आणि नऊ माणसे पडली. इकडे पेठेतली शाळकरी पोरे, तिकडे खटाव-माणच्या मातीतले कुणबी आणि बलुतेदार. मध्ये शेकडो मैल. एकाला दुसऱ्याची खबर नाही. एकाच दिवशी दोघांच्या छातीत गोळी गेली. आता त्यांना जातवार निराळे करून निरनिराळ्या पंगतीत बसवणारे आपण कोण?

आणि शेटजीभटजींविरुद्ध ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली त्या जोतीरावांचीच गोष्ट पाहा. १८४१ ते १८४७ पर्यंत ते पुण्याला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. सदाशिव बल्लाळ गोवंडे आणि मोरो विठ्ठल वाळवेकर हे त्यांचे शाळासोबती, दोघेही ब्राह्मण. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत जोतीरावांचा माळी म्हणून अपमान झाला, हे सर्वांना पाठ आहे. पण मुलींच्या आणि अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या शाळा त्यांनी काढल्या तेव्हा त्या कामाला हे दोघे शाळासोबती खांद्याला खांदा लावून उभे राहिले, हे फारसे कोणी सांगत नाही. वरातीने जे नाकारले ते बाकाने दिले. जोतीरावांनी ब्राह्मण्यावर धरलेली लेखणी यामुळे बोथट झाली नाही, आणि त्या मित्रांनीही तशी अट घातली नाही.

म्हणूनच शाळेचा बाक ही आम्हाला मोठी वस्तू वाटते. घर, वाडा, आळी, पाणवठा, मसण, सगळे जातीने वाटलेले. बाकावर मात्र हजेरीच्या क्रमाने बसायचे. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. तो बाक मिळायला आपल्या लोकांना किती पिढ्या लागल्या ते म्हाताऱ्यांना विचारा. आणि मिळालेल्या बाकावरून दुष्काळाच्या एका वर्षात किती पोरे उठली, ते आमच्या वर्गाला विचारा. आमच्या वर्गबंधूला गोळी लागली नाही, खडी लागली. त्याची नोंद कोठेच नाही. हजेरीपटावर त्याच्या नावापुढे आधी गैरहजेरीच्या खुणा झाल्या आणि मग तांबड्या शाईने नावावर रेघ ओढली गेली. ती रेघ आम्ही पाहिली आहे.

आता निधीविषयी. वर्गातल्या मंडळींनी वर्गणी जमवली आहे, आणि तिची शाळेपुढे कमान बांधावी असे काही मित्र म्हणतात. मित्रांच्या हेतूबद्दल शंका नाही. पण कमानीवर गेलेल्याचे नाव वर आणि देणाऱ्यांची यादी खाली, आणि यादीची अक्षरे दरवेळी मोठी, हा आजवरचा अनुभव आहे. शिवाय कमानीखालून जायला आधी पोराला शाळेत तर आले पाहिजे! आमची सूचना अशी की या पैशातून दरसाल नववीत शाळा सोडण्याच्या बेतात असलेल्या मुलामुलींची वह्यापुस्तके आणि एस.टी.चा पास करावा. कोण सोडणार हे मास्तरांना दिवाळीच्या आतच कळते. त्यांनी चिठ्ठी द्यावी, आणि मुलाचे नाव सभेत पुकारू नये. मदत घेणाऱ्याला ओशाळे करण्यासारखी दुसरी कंजुषी नाही.

दुसरी सूचना बिनखर्ची आहे. ९ सप्टेंबरला आपल्या शाळेत हजेरी घेताना आधी ती पाच नावे पुकारावीत आणि मग वर्गाची. भाषण नको, हार नकोत. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा. एवढे म्हणायला अर्धे मिनिट पुरे.

ज्यांना यंदा नंदुरबारला यायचे असेल त्यांनी आपली नावे दाराशी ठेवलेल्या वहीत लिहावीत. गाडीचे तिकीट ज्याचे त्याने काढावे, भाकरी घरून आणावी. फुले पाचच न्यायची आहेत. ती कोणी आणायची ते गाडीत ठरवू.