वर्ग हसला तरी



नववीत मला प्रश्न पडला होता: प्रकाश एखाद्या कणावर आदळतो का? वर्ग हसेल म्हणून विचारला नाही. इंजिनिअर झाले, प्रश्न तसाच राहिला.

उत्तर आहे, हो. प्रकाशाचा कण, फोटॉन, प्रोटॉनवर आदळतो. १९९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गला सुरू झालेल्या ‘हेरा’ यंत्रावर दिसलं, की टकरीची ऊर्जा जुन्या प्रयोगांच्या कितीतरी पट केली, तर टक्कर होण्याची शक्यता सुमारे दीडपट होते. कारण फोटॉन क्षणभर क्वार्क-ग्लुऑनचा घोळका होऊन वागतो. ऊर्जा वाढली, की दोन्हीकडचे जास्त ग्लुऑन टकरीत उतरतात. आपली विरार लोकलच म्हणा, गर्दी वाढली की धक्के वाढणारच!

फोटॉनच्या या रूपावर महत्त्वाचं काम केलं ते पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. रोहिणी गोडबोले यांनी. १९९५ पर्यंत त्या मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. आपण भाईंदरला शाळेत होतो तेव्हा त्या लोकलच्या अंतरावर होत्या. मला त्यांचं नाव कळलं ते २०२४ मध्ये, त्यांच्या निधनाच्या बातमीतून.

म्हणून आपल्या मुलींना एवढंच सांगूया: वर्ग हसला तरी विचार.