वेडा कोण, हे फौजदार ठरवायचा
(एकलहरे येथे केलेले भाषण)

येरवड्याला दोन भिंती आहेत. एकीमागं जेल, दुसरीमागं वेड्यांचं इस्पितळ. जेलातल्याला निदान सुटकेची तारीख असते.

ही भिंत गोऱ्या सायबाची. १८५८ च्या कायद्यानं रस्ता काढला, १९१२ च्या कायद्यानं तो पक्का केला. ठाण्याचं इस्पितळ उघडलं १९०१ ला. भटकणारा, 'धोकादायक' वाटणारा माणूस पोलिसानं धरायचा, मॅजिस्ट्रेटपुढं उभा करायचा, डॉक्टरचा दाखला जोडायचा, की निघाला हुकूम. आता सांगा, रस्त्यावर भटकतं कोण? बंगलेवाल्याचं पोरगं वेडं झालं तर माडीवर राहतं. फुटपाथवरचा सापडतो.

सायेब गेला १९४७ ला. त्याचा कायदा गेला १९९३ ला. त्याच साली शीला बारसेंच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की गुन्हा नसलेल्या वेड्याला जेलात ठेवणं बेकायदा आहे. म्हणजे तोवर ठेवत होते! बंगालच्या जेलांत ठेवले होते.

२०१७ चा कायदा कागदावर बरा. साखळदंड बंद. भूल न देता शॉक बंद. घरचे नेत नाहीत एवढ्यासाठी कुणाला आत डांबायचं नाही. पण बरी झालेली बाई जाणार कुठं? भाऊ दार लावून घेतो. इथं औष्णिक केंद्राच्या राखेत तिला खोली कोण देईल? तुम्ही द्याल? गप्प का झालात?

अशांसाठी सरकारनं बाहेर घरं उभारायची, असं कलम १९ म्हणतं. नाशिक जिल्ह्यात ती किती, कुठं, हे उद्या कलेक्टर कचेरीत लेखी विचारायचंय. अर्ज लिहून आणलाय. सह्या करा.