टपालातला कॅमेरा आणि दारातली जकात



आयात-शुल्काचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. एक बंदरात नांगर टाकून उभ्या असलेल्या बोटीचे, आणि दुसरे विमानतळावर तपासनिसापुढे उघडी पडलेल्या पेटीचे. या दोहोंशी सामान्य माणसाचा संबंध क्वचितच येतो. गेल्या काही वर्षांत मात्र एक तिसरे चित्र घरोघरी दिसू लागले आहे. कुरिअरचा माणूस दारात उभा आहे, पुडके त्याच्या हातात आहे, आणि ते देण्यापूर्वी तो पैसे मागतो आहे. जकातनाका आता माणसाच्या उंबरठ्यापर्यंत येऊन पोचला आहे.

समजा, तालुक्याच्या गावी लग्नमुंजींची छायाचित्रे काढून पोट भरणारा एक तरुण आहे. त्याच्या कॅमेऱ्याला हवे असलेले भिंग येथील बाजारात मिळत नाही, किंवा मिळते ते त्याच्या आवाक्याबाहेरच्या किमतीला. तो ते परदेशातील विक्रेत्याकडून मागवतो. वस्तूची किंमत, विमानभाडे आणि विमा मिळून दहा हजार रुपये होतात. २०२१ साली वैयक्तिक उपयोगासाठी मागवलेल्या वस्तूंच्या ९८०४ या शीर्षकाखाली ते पुडके आले असते, तर हिशेब असा झाला असता : मूळ सीमाशुल्क ३५ टक्के, म्हणजे ३,५०० रुपये. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार, ३५० रुपये. आता या सर्वांची बेरीज, १३,८५० रुपये, हा पुढच्या कराचा पाया. त्यावर २८ टक्के एकात्मिक वस्तू व सेवा कर, ३,८७८ रुपये. एकूण कर ७,७२८ रुपये. शेकडा ७७.२८ हा आकडा ज्यांनी त्या काळात परदेशातून काही मागवले त्यांना तोंडपाठ असेल. यात वस्तूवर कर आहे, वस्तूच्या प्रवासावर कर आहे, करावर अधिभार आहे, आणि कर व अधिभार या दोहोंवर पुन्हा कर आहे.

हे दर पुढे खाली आले, हेही सांगितले पाहिजे. २८ टक्क्यांचा टप्पा २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक वस्तूंवरून उठला, आणि २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात वैयक्तिक उपयोगाच्या वस्तूंवरील मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणण्याचे जाहीर झाले. भार निम्म्याहून खाली आला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु येथे दराहून अधिक महत्त्वाचा प्रश्न रचनेचा आहे, आणि रचना बदललेली नाही.

जकात कमी करा ही मागणी मुक्त व्यापाराच्या कैवाऱ्यांची; श्रमिकांची बाजू घेणाऱ्यांनी तिच्यात सूर का मिळवावा, असा आक्षेप येईल. आक्षेप रास्त आहे. जकातीचा इतिहास पाहिला तर ती नेहमीच जाचक होती असे नाही, आणि तिचा अभाव नेहमीच उदार होता असेही नाही. दादासाहेब फाळके १९१२ साली लंडनला गेले आणि तेथून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले, त्या काळी हिंदुस्थानातील सर्वसाधारण आयात-शुल्क अवघे पाच टक्के होते. हे औदार्य हिंदी कलावंतासाठी नव्हते. इंग्लंडच्या गिरण्यांचा आणि कारखान्यांचा माल येथे निर्वेधपणे खपावा, हा त्यामागचा हेतू होता. म्हणूनच दादाभाईंपासून रानड्यांपर्यंत सर्वांनी देशी उद्योगाच्या बाजूने युक्तिवाद केला. स्वातंत्र्यानंतर त्या युक्तिवादाला धोरणाचे रूप आले. उटकमंड येथे १९६० साली सरकारी मालकीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापन झाली. तिची ‘इंदू’ नावाची फिल्म एका पिढीच्या कॅमेऱ्यांतून फिरली. परदेशी कॅमेऱ्यांवर त्या काळात जो अंकुश होता त्याला काही अर्थ होता, कारण त्याच्या आडोशाला काहीतरी वाढत होते, किंवा वाढेल अशी आशा तरी होती. ते नीट वाढले का, हा वेगळा व कष्टदायक विषय आहे. आज तो कारखाना बंद आहे.

ज्या कुंपणाच्या आत पीकच नाही, ते कुंपण कशासाठी, हा प्रश्न म्हणून विचारावा लागतो. व्यावसायिक दर्जाचे स्थिरचित्रण कॅमेरे व त्यांची भिंगे बनविणारा नाव घेण्याजोगा उद्योग आज देशात नाही. म्हणजे हे शुल्क संरक्षक नव्हे, ते निव्वळ महसुली आहे. आणि महसुली कराला पहिली कसोटी लावायची ती समतेची : सारख्या वस्तूवर सारखा कर पडतो का?

पडत नाही. स्थिर चित्रे टिपणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यावर, तो विशिष्ट अटींत बसत असेल तर, मोठ्या आयातदाराला मूळ सीमाशुल्क शून्य अशी सवलत बरीच वर्षे मिळत आली. वस्तू व सेवा कर तो भरतो, पण विक्रीच्या वेळी त्याची वजावट त्याला मिळते. उलट एकट्यादुकट्या ग्राहकाचे पुडके ‘वैयक्तिक उपयोग’ या सरसकट शीर्षकात ढकलले जाण्याचा संभव मोठा. त्या शीर्षकाचे शब्द ‘शुल्कपात्र वस्तूं’पुरते आहेत, ज्या कॅमेऱ्यावर शुल्कच शून्य तो त्यात बसतो का, असा वाद कायद्याने घालता येईल. पण तो घालणार कोण? पुडके गोदामात अडकलेले, रोजचे साठवण-भाडे चढते आहे, लग्नाची तारीख जवळ आलेली. अशा वेळी माणूस पैसे भरून मोकळा होतो. आणि नोंदणीच्या मर्यादेखाली राहणाऱ्या छोट्या छायाचित्रकाराला कराची वजावटही मिळत नाही. त्याचा सगळा कर त्याच्याच खिशातून जातो.

‘विशिष्ट अटी’ म्हणजे काय, याची कथा ऐकण्यासारखी आहे. सरकारने २०१२ साली सवलतीचा अर्थ स्पष्ट करताना ठरविले की, जो कॅमेरा ८०० गुणिले ६०० बिंदूंच्या स्पष्टतेने, सेकंदाला किमान २३ चित्रांच्या गतीने, सलग ३० मिनिटे चलच्चित्रण करू शकतो, त्याला स्थिरचित्रणाच्या कॅमेऱ्याची सवलत नाही. युरोपातही अशीच व्याख्या होती, आणि त्यामुळे जगभरच्या कॅमेऱ्यांत एक चमत्कार दिसे : चित्रण २९ मिनिटे ५९ सेकंदांनी आपोआप थांबे. यंत्राची शक्ती संपत नसे, जकात सुरू होई. आपल्याकडे या व्याख्येवरून मोठ्या कंपन्यांवर नोटिसा निघाल्या आणि कॅनन कंपनीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ९ मार्च २०२१ रोजी निकाल लागला तो कॅमेरा किती मिनिटे चालतो यावर नव्हे. महसूल गुप्तवार्ता संचालनालयाचा अधिकारी अशी नोटीस काढण्यास ‘योग्य अधिकारी’ आहे की नाही, यावर. तो नाही, असे न्यायालय म्हणाले. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी फेरविचारात तेच न्यायालय म्हणाले, तो आहे. ज्या कंपन्यांपाशी नामांकित वकील आहेत त्यांना आपल्या कॅमेऱ्याचे शीर्षक कोणते आणि नोटीस कोणी काढायची, यासाठी वर्षानुवर्षे झगडता येते. तालुक्याच्या तरुणाला त्यासाठी एक दुपार मिळते.

वैयक्तिक आयातीचा हा भेद किती टोकाला जाऊ शकतो हे २०२१ च्या साथीत दिसले. प्राणवायू तयार करणारे यंत्र नातलगाने परदेशातून भेट म्हणून पाठविले तर त्यावर कर, आणि तेच यंत्र सरकारमान्य संस्थेमार्फत दानरूपाने आले तर कर नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने त्या वर्षी मे महिन्यात हा कर घटनाबाह्य ठरविला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली.

आता प्रवाशाकडे पाहा. २०१६ च्या नियमांनी परदेशातून परतणाऱ्या नागरिकाला ५० हजार रुपयांपर्यंतचे सामान करमुक्त आणता येई. २०२६ च्या नव्या नियमांनी ही मर्यादा ७५ हजार झाली. म्हणजे ज्याला दुबईचे वा सिंगापूरचे तिकीट परवडते तो गळ्यात कॅमेरा अडकवून हसतमुखाने बाहेर पडतो, आणि ज्याला ते परवडत नाही त्याच्या पुडक्यावर पहिल्या रुपयापासून कर. सवलत वस्तूला नाही, विमानाच्या आसनाला आहे. टपालाने वा कुरिअरने वस्तू मागवणाऱ्यासाठी अशी वार्षिक मर्यादा ठेवणे अवघड नाही. ओळखपत्राची प्रत तर प्रत्येक पुडक्यामागे घेतलीच जाते.

राहिला कुरिअरचा आकार, आणि सर्वांत कमी चर्चा होते ती याचीच. कुरिअर कंपनी ग्राहकाच्या वतीने शुल्क आधी भरते आणि मग त्याच्याकडून वसूल करते. या सेवेबद्दल ती शुल्काच्या काही टक्के, अथवा एक ठराविक किमान रक्कम, यांपैकी जे अधिक असेल ते लावते, आणि त्या आकारावर पुन्हा १८ टक्के सेवा कर पडतो. किमान रकमेचा परिणाम उघड आहे. दोन लाखांच्या कॅमेऱ्यावर ती नगण्य; दीड हजारांच्या जोडकड्यावर ती कधी कधी शुल्काइतकी. अर्थशास्त्रात याला प्रतिगामी भार म्हणतात. शिवाय ही कंपनी ग्राहकाने निवडलेली नसते. करार विक्रेत्याशी झालेला, बिल मात्र घेणाऱ्याच्या नावे. आणि वस्तू ताब्यात असल्यामुळे घासाघीस करण्याचे सामर्थ्य सर्वस्वी एका बाजूला. शासनाने आपला वसुलीचा अधिकार खासगी हाती दिला, पण त्या हाताने किती मजुरी घ्यावी याचे बंधन घातले नाही. महसूल गोळा करण्याचा मक्ता देण्याची पद्धत मराठी मुलखाला नवी नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून २२ युरोंची जुनी करमाफी काढली, पण त्याबरोबरच १५० युरोंपर्यंतच्या वस्तूंवरचा कर विक्रेत्याने खरेदीच्या वेळीच घेण्याची सोय केली. त्या सोयीने आलेल्या वस्तूवर दारात कर भरण्याचा प्रश्न राहत नाही. ब्रिटननेही जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंत तसेच केले. अमेरिकेने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये ८०० डॉलरची माफी सर्व देशांसाठी थांबविली, आणि त्यानंतर अनेक देशांच्या टपालखात्यांना तिकडची पुडकी घेणे काही काळ थांबवावे लागले. पहिल्या दोघांनी कर ठेवून त्याची वसुली सोपी केली.

आपल्याकडे निदान एवढे तरी व्हावे : शुल्काचा तपशील आणि कुरिअरचा आकार वेगवेगळ्या ओळींत, पुडके निघण्यापूर्वी ग्राहकाला कळावा. शुल्कासाठी विमानभाडे मालाच्या किमतीच्या २० टक्क्यांहून अधिक धरता येत नाही, हा मूल्यांकन-नियमातला हक्क बिलावर छापला जावा. दुरुस्तीसाठी परदेशी पाठविलेले भिंग परत आले तर शुल्क केवळ दुरुस्तीचा खर्च, विमा व येण्याजाण्याचे भाडे यांवर घेण्याची तरतूद आहे. पण पाठवताना त्याची रीतसर निर्यात-नोंद केलेली असावी लागते, हे टपाल कचेरीच्या खिडकीवर लिहिलेले असावे. न आवडलेली वस्तू परत पाठविल्यास भरलेल्या शुल्कापैकी ९८ टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळण्याचा मार्ग सीमाशुल्क कायद्याच्या ७४ व्या कलमात आहे. तो मार्ग आज व्यापाऱ्याच्या दलालालाच ठाऊक आहे.

आणि शेवटी भेटवस्तूंचे. १२ डिसेंबर २०१९ पर्यंत परदेशातून पाच हजार रुपयांपर्यंतची भेट करमुक्त येत असे. त्या दिवशी निघालेल्या अधिसूचनेने भेटीची करमुक्त आयात बंद केली. अपवाद ठेवले ते जीवरक्षक औषधांचा आणि राखीचा. परदेशी असलेली बहीण भावाला राखी पाठवू शकते. तिच्यासोबत कॅमेऱ्याचा पट्टा जरी पाठविला, तरी त्याच्यासाठी वेगळे बिल येईल.