दान आणि करसवलत



देणगीची पावती घेताना दाते विचारतात, "यावर करसवलत किती?" आपला समाज व्यापारी, त्याने हे विचारावेच. १९६१ च्या आयकर कायद्यातील ८०-जी कलमानुसार मान्यताप्राप्त धर्मादाय न्यासाला दिलेल्या १०,००० रुपयांपैकी सर्वसाधारणपणे निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होई. ३० टक्के दराने कर भरणाऱ्याचे उपकरासह १,५६० रुपये वाचत. उरलेले ८,४४० रुपये पूर्वीही त्याच्याच खिशातून जात, हे आपण सोयीस्करपणे विसरतो!

२०१७ पासून २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट राहिली नाही. २०२३-२४ पासून, वेगळा पर्याय न निवडल्यास, नवी करप्रणाली लागू होते. तीत देणगीची वजावट नाही; २२ टक्क्यांचा सवलतीचा दर घेणाऱ्या कंपन्यांनाही नाही. म्हणून आपले औषधदान आणि ज्ञानदान आटेल, अशी चिंता विश्वस्तांना वाटते. मला ती अनाठायी वाटत नाही.

परंतु नव्या प्रणालीत करसवलत दानाच्या आधीच घरात येते. २०२५-२६ पासून निवासी व्यक्तीच्या १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर तीत करच लागत नाही. तेव्हा देणगीचा आकडा कमी करण्यापूर्वी दात्यांनी हाही जमाखर्च मांडावा. जुनी प्रणाली निवडणाऱ्यांनी पॅन क्रमांक देऊन पावती अवश्य घ्यावी.